आठवा दिवस

औरंगाबाद, ता. ५ ऑगस्ट १९५७

ती. गं. भा. आत्याबाईंच्या पायांशी सून वच्छलाचा सा. न. वि. वि.

जेवतेस का, असं विचारलंत. जेवते. घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की निजायचं, त्यामुळं मला काही ठरवावं लागत नाही. नर्सदाईच्या शिक्षणाचे सहा महिने संपले. आपलं बाळ जाऊन दीड वर्ष झालं, तरी दुसऱ्याचं मूल हातात घेताना मला काहीच वाटत नाही. सिस्टरबाई म्हणतात, हिचा हात स्थिर आहे.

ह्यांना सांगावं, तुमचं पत्र लिहिताना अक्षर जरा मोठं काढा. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपली, वच्छला

लासूर स्टेशन, ता. १९ ऑगस्ट

चि. सौ. वच्छलास सासू मनकर्णाबाईचे अ. उ. आ.

मी सांगतेय, फकिरा लिहितोय. अक्षरावरून तुझा नवरा रुसला. चौथीत पहिला आला होता म्हणे!

आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दसऱ्याला दिवस भरतील. लई भिते. मी म्हटलं, तुझी आई गावाची सुईण आहे, भितेस कशाला? विळ्यानं नाळ कापली, वर चुलीची राख दाबली की झालं. तूही आपल्या बाळाचं मनाला लावून घेऊ नको. त्याच्या कपाळी आठच दिवस होते. शिकून ये, मग माझं काम तूच सांभाळ.

माया असू दे.

मनकर्णाबाई

औरंगाबाद, ता. ६ सप्टेंबर

ती. गं. भा. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आशावन्संचं मूल जगायला हवं, नाहीतर तिसऱ्यांदा लिहिलं नसतं.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. विळा उकळलेला नसेल, नाळेवर राख किंवा शेण लावलं, तर त्यातलं विष मुलाच्या अंगात भिनतं. पाच-सहा दिवसांनी मूल दूध सोडतं, जबडा आवळतो, चेहरा हसल्यासारखा ओढला जातो, अंग कमानीसारखं होतं. आठव्या दिवशी संपतं. त्याला धनुर्वात म्हणतात. सगळ्या मुलींनी लिहून घेतलं, मीही घेतलं. मग घंटा झाली, मी जेवले.

सोबत नवं पातं आणि दोरा पाठवते. दोन्ही वीस मिनिटं उकळा, हात साबणानं धुवा, नाळेला काही लावू नका. ह्यांनी वाचून दाखवताना एक अक्षर गाळू नये. तुमच्यावर राग नाही. शोधून पाहिला, सापडला नाही.

पूर्वीसारखंच माझं म्हणावं.

वच्छला

लासूर स्टेशन, ता. २० ऑक्टोबर

चि. सौ. वच्छलास अ. आ.

हे सांडू मास्तर लिहितायत. फकिरानं तुझं पत्र पुरतं वाचलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की जेवतो, उठून जातो.

आशाला मुलगी झाली. तू लिहिलंस तसंच सगळं केलं. आठव्या दिवशी मी पोरीजवळून हलले नाही. दूध ओढताना डोळ्यांनी पाहिलं, मग आंघोळीला उठले. काल बारसं झालं.

परवा शेजारचा कारभारी बोलवायला आला, सुनेच्या कळा सुरू झाल्या म्हणून. मी नाय म्हटलं, गाडी जुंपून दवाखान्यात न्यायला लावलं. माझ्या हातची कितीतरी पोरं आठव्या दिवशी गेली. त्यांच्या आया अजून मला मावशी म्हणतात. त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही.

एक विचारते. सातव्या दिवशी आपल्या बाळाचं तोंड हसल्यासारखं झालं होतं. मी तुला हाक मारून दाखवलं, बघ, सटवाई हसवतेय त्याला. तूही हसलीस. आता तू शिकलीस, तुला ठाऊक असेल. तेव्हा त्याला दुखत होतं का? असेल ते लिही. मास्तर वाचतील, मी ऐकेन.

लोभाचं तू ठरव.

मनकर्णाबाई