गिरणीच्या पाटीखालची रेघ

३ नोव्हें., सोमवार
कापडे गावच्या भातगिरणीच्या पाटीची फाइल पाठवली. जुने पाटी-पेंटर हमीदचाचा, त्यांनी चार्टपेपरवर ब्रशने काढलेली अक्षरं मी दोन आठवडे संगणकावर गिरवत होते. आधी मधली रेघ, मग जागोजागी तिची जाडी. चाचांचा हात आता थरथरतो. एका 'गि'ला सहा कागद गेले. स्क्रीनवर तंतोतंत. स्टील कापणाऱ्या कटिंगवाल्याला डीएक्सएफ फाइल लागते, ती काढून धाडली. उघडून पाहिली नाही. घरी जायला बिरवाडीची रिक्षा धरायची होती.

८ नोव्हें., शनिवार
पाटी चढली. स्टीलची अक्षरं सगळीकडे सारखीच जाड. पाइप वाकवून केल्यासारखी.
चाचा महाडहून एसटीने आले होते, पिशवीत ब्रश आणि तांबड्या रंगाचा डबा. त्यांची पद्धत अशी की नावाखालची रेघ पाटी चढल्यावरच ओढायची, शिडीवर उभं राहून, एका दमात. पोलादपूर बाजारातल्या जुन्या पाट्यांखाली अजून दिसते. शिडी धरायला गिरणीचे मालक मोरेकाका तयार होते.
चाचा खालूनच बघत राहिले. मग विचारलं, हे असं कसं झालं. मी म्हटलं, "मशीनला एवढंच जमतं, चाचा."
"मग ऱ्हाऊ दे. हिला रेघ नको. ही माझी नाय."
मोरेकाका म्हणाले, भात घेऊन येणारा काय अक्षर बघायला येतो? चाचाही हसले. डबा पिशवीतून बाहेर आलाच नाही.
मला कारण माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं.

१० नोव्हें.
जेवणाच्या सुट्टीत तपासलं. पाठवलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. नुसते सांगाडे. आवृत्ती बदलून काढली, तेच. मग एकटा 'गि' घेतला, रेघेचं आधी बंद आकारात रूपांतर केलं, मग काढली. जाड-बारीक सगळं आलं.
म्हणजे फाइल मधली रेघ तेवढी नेते, तिची जाडी मागेच राहते. कटिंगवाल्याला फोन केला. त्याने अंदाजाने सगळीकडे वीस मि.मी. धरली होती. आधी विचारायला फोन केला होता म्हणाला. केला होता, खरंय. मी उचलला नव्हता.
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं. एका क्लिकचं काम.

१४ नोव्हें.
मी काम करते त्या दुकानासमोरून चाचा गेले. मी स्क्रीनकडे बघत बसले. स्क्रीनवर काही नव्हतं.

१७ नोव्हें.
मोरेकाकांना खरं सांगितलं. "पोरी, हाय ती काय वाईट हाय?" तरी बदलायला हो म्हणाले. बोलता बोलता कळलं, चाचा रविवारी मुलाकडे कतारला चाललेत. परत यायचं नक्की नाही.
नवी अक्षरं कापायला टाकली. काढलेली फाइल दोनदा उघडून कागदाशी ताडून पाहिली. हे आधी…

२० नोव्हें., गुरुवार
चाचांच्या घरी गेले. बॅगा अर्ध्या भरलेल्या. चाचीने चहा दिला, तो हातात तसाच. म्हटलं, "मशीनचं काही नव्हतं, चाचा. फाइल मी न बघता पाठवली."
चाचांनी हातातला सदरा घडी करून बॅगेत ठेवला.
"त्याच दिवशी बोलली असतीस तर मी रागावलो असतो गो. मग चाय पिऊन इसरलो असतो." मग म्हणाले, "मी समजलो, आता आपल्या हाताचं काय चालायचं नाय. ब्रश धुवून ठेवून दिला."
ब्रश कुठे आहे हे विचारायचं धाडस झालं नाही. शनिवारी पाटी चढतेय, एवढं सांगितलं.
"बघू. बॅगा हायत अजून."

२२ नोव्हें., शनिवार
गिरणीच्या ओट्यावर बसून लिहितेय. पाटी चढली. कागद हातात धरून एकेक अक्षर पाहिलं. त्यांचीच आहेत. 'गि'च्या वळणावर ब्रश जरा थांबलेला, तोही आलाय. नावाखाली चार बोटं जागा कोरी.
मोरेकाका म्हणाले, पोलादपूरचा पेंटर बोलावतो, पाच मिनिटांत रेघ ओढेल. नको म्हटलं.
महाडहून दीडची एसटी येऊन गेली. दोन बायका उतरल्या, एक भाताचं पोतं.
मोरेकाकांनी आत्ताच विचारलं, शिडी काढू का. मी म्हटलं, साडेचारची यायची आहे.