मिक फीलनचं कोपर

वॉटरफोर्ड, सोमवार

प्रिय गंधार,

काल तुम्ही जिंकलात, त्या विजयाची खरी किंमत काय पडली ते मी आज सकाळी चहा पिताना मांडून पाहिलं. बर्फाऐवजी तुझ्या कोपरावर ठेवून पाणी पाणी झालेले फ्रीजरमधले सगळे वाटाणे. आईच्या औषधांच्या डब्यातली गोळ्यांची अर्धी पट्टी. तुझी एका रात्रीची झोप. आणि वरण-भात खायला मागितलेला चमचा. वाटाण्यांचा आज पुलाव होईल, गोळ्या परत आणता येतील. चमचा मात्र कुठल्या रकान्यात घालावा ते मला कळेना. जन्मापासून तू वरण-भात हाताने कालवून खातोस. शाळेतल्या मित्रांसमोर कधी लाजला नाहीस, उलट त्या शॉनला कालवायला शिकवलंस आणि त्याने आपल्या गालिच्याची वाट लावली. तोच तू काल चमचा मागतोस, आणि तोही डाव्या हातात धरतोस!

मराठीत लिहितोय, कारण तुझ्या सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये टीमची पोरं राहतात आणि टेबलावर पडलेलं काहीही वाचतात. तुला वेळ लागेल. अक्षरं जुळवत मोठ्याने वाच, म्हणजे अर्थ आपोआप लागेल. अडलं तर आईला विचार, तिच्यापासून या घरात काही लपत नाही.

मला काय हवंय ते आधीच सांगतो, मग गप्पा. शनिवारी तुमची बेसबॉलची फायनल. अमेरिकेतल्या त्या कॉलेजचा माणूस तुला बघायला येणार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी मॅच मीच टाकणार, असं तू तुमच्या कोच डेक्लनला सांगून बसलायस आणि कोपराबद्दल त्याच्याशी एक शब्द बोललेला नाहीस. तो शब्द तू शनिवारच्या आत बोलावास, एवढीच माझी मागणी आहे. तू ‘आय'म ग्रँड, बाबा’ म्हणशील. इथे आयर्लंडमध्ये आल्यापासून मी बघतोय, या देशात पाय मोडलेला माणूससुद्धा ग्रँडच, म्हणजे एकदम ठणठणीत असतो.

आणि मला फसवायला जाऊ नकोस. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात जन्मलो, शेजारच्या गल्लीतला कुठला माग अडखळतोय ते मी अंथरुणात पडून सांगायचो. आयटीआयचा फिटर इथे येऊन स्वतःची कंपनी काढतो, चार व्हॅन रस्त्यावर धावतात, ते कशाच्या जोरावर? स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची, आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. औषधांच्या कारखान्यातले इंजिनिअर यंत्रं घेऊन उभे असतात आणि मी निदान सांगून मोकळा होतो. अख्ख्या काउंटीत असा कान नाही. आपलं घर, तुझी फी, तुझे ते महागडे ग्लोव्ह, सगळं माझ्या या उजव्या कानावर उभं आहे.

असो. आता तुला मिक फीलनची गोष्ट सांगतो. ती मला शेजारच्या मिसेस पॉवरकडून कळली. त्यांच्या हीटिंगचा पंप कुरकुरत होता म्हणून गेलो होतो, तर त्यांनी बसवून चहा पाजला आणि तुझी चौकशी केली. तू बेसबॉल खेळतोस, पिचर आहेस म्हटल्यावर बाईंनी कप खाली ठेवला. ‘नॅंडी, आमच्यात एक पिचर होऊन गेला,’ म्हणाल्या (नंदचं त्यांनी नॅंडी केलंय). त्यांच्या आजीचा हा भाऊ. इथलाच, नदीपलीकडचा.

लहानपणी बापाबरोबर तो मॅसॅच्युसेट्सला गेला आणि बुटांच्या कारखान्यात लागला. जेवणाच्या सुट्टीत मागच्या मोकळ्या जागेत पोरं चेंडू फेकायची. मिकचा चेंडू पकडणाऱ्याच्या हातातून रक्त यायचं, कारण तेव्हा हातमोजा म्हणजे बोटं कापलेला चामड्याचा तुकडा. विशीत एका पगारी क्लबने त्याला उचललं. तो काळ तुला वाचून माहीत असेल. पिचरने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हा नियम नुकताच सुटला होता, त्यामुळे सगळेच बेभान होऊन वरून फेकत सुटले होते. पायाखाली तुमच्यासारखा मातीचा उंचवटा नाही, सपाट जमिनीवर खडूने आखलेली चौकट. आणि फलंदाज आजच्यापेक्षा पुष्कळच जवळ उभा. क्लबकडे पिचर दोनच, एक दिवसाआड आलटून पालटून टाकायचे. आपल्या क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकलं की नोबॉल, या खेळात सगळा भार त्या वाकणाऱ्या कोपरावरच. मला हे कधीच पटलं नाही, पण माझं कोण ऐकतं.

ऐन उन्हाळ्यात दुसऱ्या पिचरचं मालकाशी भांडण झालं आणि तो रातोरात दुसऱ्या क्लबात गेला. आता नीट वाच. मालकाने मिकला काही विचारलं नव्हतं. मिक आपणहून उठला आणि म्हणाला, राहिलेल्या सगळ्या मॅचेस मी टाकतो. मिसेस पॉवर म्हणतात की ती फुशारकीच त्याला नडली, तोंडाने कितीही बोलला तरी टाकायला हात एकच होता. रोज टाकू लागला. पेपरवाल्यांनी त्याला ‘लोखंडी मिक’ केलं. इकडे सकाळी हात वर जायचा नाही म्हणून कॉलरचं बटण खोलीतला सोबती लावून द्यायचा, आणि त्याने तोंड बंद ठेवावं म्हणून मिक त्याला सिगार पाजायचा. घोड्याला चोळायचं तेल लावायचा आणि त्याच्या वासाला कुणी नाक मुरडलं तर तबेल्यातून आलो म्हणायचा. क्लब त्या वर्षी पहिला आला. मिकला खांद्यावर घेऊन मिरवलं तेव्हा हॅट त्याने डाव्या हाताने हलवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. जिंकलेल्या माणसाकडे कोण एवढं निरखून बघतं?

पुढच्या वसंतात चेंडूतला जोर गेला होता. माणूस हुशार, त्याने वर्षभर नुसत्या डोक्यावर भागवलं. संथ टाकायचा, वळवायचा, फलंदाजाशी गप्पा मारून त्याचं लक्ष उडवायचा. मग दुसरा क्लब, मग त्याहून लहान गावाचा तिसरा, आणि तिथून एका ओळीची तार: उद्यापासून येऊ नये. सव्विसाव्या वर्षी तो बोटीने परत आला. अंगात अमेरिकन कोट आणि उजवा हात कायम कोटात खुपसलेला. फोटोतही तसाच, एखाद्या सेनापतीसारखा. गावाने ठरवून टाकलं की मिकला नोशन्स आलेत. आपल्याकडे शेफारला म्हणतात ना, तेच.

पहिल्या रविवारी तो आईशेजारी चर्चमध्ये बसला आणि क्रूसाची खूण त्याने डाव्या हाताने केली. मागच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. आईने सगळ्यांदेखत त्याच्या डाव्या हातावर चापट मारली आणि पुटपुटली, ‘हेच शिकलास का रे अमेरिकेत?’ मिकने उजवा हात कोटातून काढला आणि उचलायला गेला. कपाळापर्यंत न्यायचा होता. हात छातीपाशी येऊन थांबला, पुढे जाईना, सरळही होईना. त्या माउलीला ते तिथे कळलं, अख्ख्या गावाबरोबर. पुढची चाळीस वर्षं तो रेल्वेच्या फाटकावर होता, चाक डाव्या हाताने फिरवत. मिसेस पॉवर हे सांगताना हसत होत्या आणि त्यांचा चहा गार झाला होता.

हे ऐकून मी घरी आलो, आणि त्याच संध्याकाळी तू जिंकून आलास आणि चमचा मागितलास. तुझी आई उठली, कपाट उघडलं, चमचा दिला. पण ती परत बसली नाही, सिंकपाशी पाठ करून उभी राहिली, ते तू बघितलं नसशील.

तू म्हणशील, बाबा, ते जुनं झालं, आता स्कॅन आहेत, फिजिओ आहेत, शिरा शिवणारे सर्जन आहेत. बरोबर आहे, राजा, म्हणूनच तर मी मागे लागलोय! मिककडे घोड्याचं तेल होतं. पण लपवलेल्या दुखण्यावर तुझ्याकडेही तेवढंच आहे, तेल आणि वाटाणे. माझ्या धंद्यात हे मी रोज बघतो. बेअरिंग गुणगुणायला लागलं की सांगतो, मशीन बंद करा. मॅनेजर म्हणतो, एवढी ऑर्डर निघू दे, नंद. ऑर्डर निघते, आणि तिच्याबरोबर आतला शाफ्टही निघतो. कॉलेजचा तो माणूस शनिवारी फुकट येईल म्हणतोस? येऊ दे. दुखरं कोपर घेऊन टाकणारी पोरं त्याने आयुष्यभर बघितली असतील. दुखतंय असं तोंडाने सांगणारं एखादं बघू दे. आणि तो परत गेलाच तर पुढच्या वर्षी आपण त्याच्या दारात जाऊ. तिकीट मी काढतो, बोलायचं काम तुझं.

डेक्लनला मी फोन करणार नाही. बापाने कोचकडे चुगली केली की पोरगं आयुष्यभर लहान राहतं. हे तुझं तुलाच करायचंय, आणि तू करशील. शनिवारी आम्ही दोघं येतोय, तू टाकत असलास तरी आणि कठड्याशी बसून टाळ्या वाजवत असलास तरी.

आता हे फोनवर न बोलता लिहितोय कशाला, ते सांगतो. गेल्या शुक्रवारी कारखान्यात मी पंपाला कान लावला आणि ठणठणीत आहे म्हणालो. रेवती म्हणून नागपूरची एक तरुण इंजिनिअर आहे, तिच्या यंत्राने सांगितलं की बेअरिंग गेलंय. चारचौघांत नाही, नंतर कँटीनमध्ये चहा घेऊन आली आणि म्हणाली, काका, रागावू नका, कान तपासून घ्या. मला नवीन काहीच नव्हतं. इतकी वर्षं ऐकायसाठी त्याच कानावरचा आवाज अडवणारा मफ काढून ठेवत आलो, कॉम्प्रेसरच्या शेजारीसुद्धा. काल जेवताना तुझा चमचा ताटावर वाजत होता, तो आईने मला खुणेने दाखवला. आज सकाळी, ज्यांची कामं करतो त्या तिन्ही कारखान्यांना फोन करायला बसलो आणि पहिल्याच नंबरशी अडलो, मग लक्षात आलं की आधी तुला लिहिलं तर फोन उचलायची हिंमत होईल. वर फुशारकी मारलीय ती खोडत नाही, तसं बोलायची जिभेला सवय झालीय. आता पत्र पाकिटात घालतो आणि त्यांना सांगतो. उजव्या कानाने मला गेलं वर्षभर काहीही ऐकू येत नाही.

तुझाच, आणि शनिवारी तुझ्या बाजूने बसणारा,
बाबा