लोसियासाठी बांधलेला पट्टा

प्रिय चेलिमो,

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते. आपली काळी बकरी व्याली, जुळं झालं. मका यंदा बरा आहे. आणि तुझ्या आईला मात्र तोंड लपवायला जागा उरलेली नाही.

तुझ्या संस्थेच्या शांतता बैठकीत मी सगळ्यांना चहा दिला. आपले पोकोट जमातीचे म्हातारे आणि नदीपलीकडचे तुर्काना जमातीचे म्हातारे मांडीला मांडी लावून बसले, बैल कापला, आता गुरांसाठी धाडी बंद म्हणून शपथा झाल्या. किती खूश होतीस तू! चुलीपाशी मला पलीकडची अकिरू भेटली. तिनं मला तंबाखू दिली, मी तिला मीठ दिलं. तिचा पोरगा आपल्या लोसियाएवढाच आहे, गुरांपाशीच झोपतो म्हणाली.

अगं, म्हाताऱ्यांना विचारून कोणता पोरगा धाडीला जातो? तो जातो आईला विचारून. बाळंतपणातला कवड्यांचा पट्टा आईनं स्वतःच्या कमरेला बांधला, की पोरगा सुखरूप परत येतो. तिनं नाही बांधला, तर तो पाऊल उचलत नाही. हे तुलाही ठाऊक आहे. तरी आम्हा आयांना तू चहापुरतंच बोलावलंस, आणि मीही मूग गिळून बसले.

का बसले? तुझ्या भावाच्या, लोसियाच्या लग्नाला मुलीकडच्यांना द्यायला गायी हव्यात ना! मीच त्याला टोचत होते, शेजारच्यानं कळप आणला, तू काय चूल फुंकत बसणार? परवा तो आला नि म्हणाला, "आई, पट्टा बांध." आणि मी बांधला गं. अकिरूची तंबाखू तोंडात असताना बांधला. माझीच मला शिसारी येते.

पोरं उद्या पहाटे नदीपलीकडे धाडीला निघणार. आईनं हाच पट्टा सोडून वाटेत आडवा टाकला, तर तो ओलांडायची कुणाची छाती नाही. तेवढंच करायचं आहे. पण गाव माझ्यावर थुंकेल, लग्न मोडेल, लोसिया कदाचित जन्मभर बोलणार नाही. सकाळपासून दोनदा गाठीला हात घातला नि मागे घेतला.

हे पत्र आत्ताच शहराकडे निघालेल्या मोटारसायकलवाल्याच्या हाती देते. पुढच्या बैठकीला आधी आयांना बोलाव, नदीपलीकडच्याही. पण लिहिलं ते त्यासाठी नाही. माझा मलाच भरवसा नाही, पोरी. आता तुला सगळं कळलं. तुझ्या तोंडाकडे पुन्हा बघायचं, तर उद्या मला पट्टा सोडावाच लागेल.

तुझीच,
आई