मधल्या मजल्यावरून

२ मार्च, रविवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. पॉडकास्टही आजपासूनच. थोरामोठ्यांच्या सुरुवातीच्या दिवसांच्या नोंदी मिळत नाहीत म्हणून चरित्रकार हळहळतात. माझ्या बाबतीत त्यांची सोय करून ठेवतो.
विषय : लिफ्टमध्ये अडकलेली माणसं. नाव : ‘मधल्या मजल्यावरून’. विनोदी. जगात कुणाला सुचलं नसेल. मी अकरा वर्षं लिफ्ट कंपनीच्या हेल्पलाइनवर आहे. कुणी अडकलं की लाल बटण दाबतं, माझ्या टेबलावरचा फोन वाजतो आणि मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्या माणसाला बोलतं ठेवतो. धीर देणं हा माझ्या हातचा मळ आहे.
(मी स्वतः लिफ्ट वापरत नाही. व्यायाम म्हणून.)

दुपारी १२.
कपाटात बसून रेकॉर्डिंग केलं. लटकत्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. दार चार बोटं उघडं ठेवलं. हवा खेळती हवी. बायको म्हणाली, मिक्सरचा आवाज येईल. म्हटलं, तुला स्टुडिओतलं काय कळतंय.
मिक्सर दोनदा आला आहे.
पहिला भाग त्या वकिलांवर, ज्यांनी अडकल्या अडकल्या फोनवर मृत्युपत्र सांगायला घेतलं आणि दार उघडताच म्हणाले, ते राहू द्या. सगळे आवाज मीच काढले. बायकोने विचारलं, त्या वकिलांना विचारलं होतं का? म्हटलं, नाव कुठे घेतलंय. ती परत मिक्सरकडे गेली.

५ मार्च.
श्रोते चार. त्यातला एक मी, एक मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, एक बायको (मी समोर बसून ऐकवलं). चौथा मात्र स्वयंभू!

९ मार्च, रविवार.
दुसरा भाग. एक काल्पनिक साहेब घेतला. प्रत्येक वाक्याआधी तीनदा खाकरतो. आमचे साहेबही तीनदा खाकरतात, पण तो योगायोग.
श्रोते पाच. घोडदौड.

११ मार्च. सकाळी १०.२०.
पहिली कमेंट आली : ‘आवाज ओळखीचा वाटतोय.’ नाव नाही. फोटोच्या जागी निवडुंगाची कुंडी.
कमेंट सात वेळा वाचली. हेल्पलाइनवरचं बोलणं बाहेर गेलं तर नोकरी जाते. रुजू झालो त्या दिवशी तशी सही करून दिली आहे. अकरा वर्षांत ते कलम एकदाही आठवलं नव्हतं, आता शब्द न् शब्द आठवतोय. या वयात दुसरीकडे कोण घेणार? मला फक्त घाबरलेल्या माणसांशी बोलता येतं.
साहेबांच्या केबिनमध्ये कुंडी आहे. निवडुंगाची नाही. पण शहाणा माणूस आपली खरी कुंडी फोटोला लावेल कशाला?

१२ मार्च.
साहेब मला बघून हसले. याआधी कधी हसले नव्हते. जेवण गेलं नाही.

१३ मार्च.
शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं की साहेब माझी चौकशी करत होते. मी अडकलेल्यांशी नेमकं काय बोलतो, कसं बोलतो. बाईंना मी हसून दाखवलं. मग बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं उभा राहिलो.
निश्चय : आज पॉडकास्ट उडवायचा.

१४ मार्च.
उडवला नाही. पाच श्रोत्यांचा विश्वासघात करवत नाही. त्यापेक्षा तिसरा भाग साहेबांच्या स्तुतीवर करतो.

१६ मार्च, रविवार.
केला. बायकोने ऐकला. म्हणाली, दुसऱ्या भागापेक्षा यातच जास्त अपमान आहे. शिवाय म्हणाली, उद्या जाऊन खरं काय ते सांगून टाका, एवढं घाबरताय कशाला? मी घाबरलेलो नाही. झोप लागत नाही ती चहाने.

१७ मार्च. दुपारी १.
साहेबांचा निरोप : चार वाजता नवव्या मजल्यावर या.
नऊ मजले जिना म्हणजे वीस मिनिटं. साडेतीनला निघायचं. राजीनामा खिशात. तीनदा लिहिला, तिसरा बरा आहे.

संध्याकाळी ७.
साडेतीनला जिन्याच्या तोंडाशी साहेब भेटले. म्हणाले, वरच निघालोय, चला लिफ्टने. लिफ्टची भीती एका पारड्यात, साहेबांची दुसऱ्यात. साहेबांचं जड ठरलं.
सहा आणि सातच्या मध्ये लिफ्ट थांबली. आमच्याच कंपनीची.
साहेबांनी लाल बटण दाबलं. घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. उचलणार कोण? बाई चहाला गेलेल्या आणि टेबलावर एक माणूस कायम हवा असा नियम आहे. तो माणूस लिफ्टमध्ये होता. बाईंना सांगून निघायचं मी घाईत विसरलो होतो.
मला चौदा वाक्यं पाठ आहेत. खाली बसा. सावकाश श्वास घ्या. लिफ्ट पडत नसते. एकही आठवलं नाही. मी दार बडवलं. मग सगळं सांगून टाकलं : पॉडकास्ट, वकील, कपाट, खाकरणं, सही केलेलं कलम. राजीनामा काढला आणि त्यानेच नाक पुसलं.
साहेब चांगल्या पँटमध्ये खाली फरशीवर बसले. माझा हात धरला आणि माझीच वाक्यं मला म्हणून दाखवली, क्रमाने, न खाकरता. तेवीस मिनिटं. मग बाई चहावरून आल्या.
साहेबांना पॉडकास्टचं काहीच माहीत नव्हतं. नव्या लोकांना शिकवायला मला नेमायचं होतं म्हणून ते माझे जुने कॉल ऐकत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.
बायकोला सांगितलं की मीटिंग बरी झाली, थोडी लांबली.

१८ मार्च.
कमेंट मेव्हण्याची निघाली. म्हणे, आवाज ओळखीचा वाटणारच की. त्याच्याशी महिनाभर बोलणार नाही.
साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर पॉडकास्ट उडवला. नोकरी राहिली, शिकवण्याचं काम गेलं. मग त्यांनी विचारलं : बटण दाबल्यापासून रेकॉर्डिंग सुरू होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पॉडकास्टचं बोलणं वगळून उरलेलं नव्या लोकांना ऐकवू का? घाबरलेला माणूस कसा असतो ते त्यांना कळेल. नाव सांगणार नाही. नको असेल तर नको म्हणा. तुम्ही त्या लोकांना विचारलं नव्हतं, मी तुम्हाला विचारतोय.
नको म्हणायचं होतं. हो म्हणालो.

२४ मार्च.
ट्रेनिंग. नवव्या मजल्यावर चालत गेलो, मागच्या रांगेत बसलो. नवी बारा माणसं. लोक हसतील अशी तयारी करून गेलो होतो. मीही सोबत हसणार होतो, म्हणजे संशय येणार नाही.
रेकॉर्डिंग लागलं. अर्धं मिनिट मला तो आवाज ओळखू आला नाही. कुणीतरी मोठा माणूस रडत होता, आईला हाका मारत होता, हात सोडू नका म्हणत होता. मी हे बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हतं. खोलीत कुणीही हसलं नाही. फार लाज वाटली, आणि स्वतःची नाही, त्या वकिलांची आठवण येऊन.
शेजारी एक नव्या बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. वहीत काही लिहिता लिहिता थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, बिचारा. घरी गेल्यावर हे सगळं कुणाला सांगत असेल का हो?
मी म्हटलं, नसेल सांगत.