शिराइशी गोन्ता यांच्या अंगठ्याविषयी

टोकियो, ११ नोव्हेंबर

ती. मित्सुएताईस,

धाकट्या यासुहिकोचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा जमला तेवढा गोड मानून घे).

थंडी सुरू झाली. मुराकामीत आता घराघराच्या ओसरीला सामन मासे शेपटीने टांगले गेले असतील, आणि भावजी माणसांपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलत असतील. तू पाठवलेला खारवलेला मासा पोचला. अर्धा खाल्ला, अर्धा शेजारणीला दिला, कारण तिने वासाची चौकशी तीनदा केली. तुझे गुडघे कसे आहेत? सासूबाईंचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं ना? मी बरा आहे. शाळांना जेवणाचे डबे पोचवण्याची नोकरी चालू आहे. (दुसऱ्याने केलेली वस्तू तिसऱ्याला वेळेवर नेऊन देणं, एवढंच मला आयुष्यात आलं.) आणि आधीच सांगून टाकतो, या पत्रात मला काही मागायचं नाही. नुसती हकीगत आहे.

‘सातवा दीपस्तंभ’ तुला आठवत असेल. सव्वीस वर्षांपूर्वीची ती कार्टून मालिका, जिच्या स्टुडिओत मी चित्रांची पाकिटं गाडीत घालून या चित्रकाराकडून त्या चित्रकाराकडे फिरायचो. (‘कार्टून’ हा शब्द तिच्या चाहत्यांसमोर काढू नकोस. मी काढला होता, एका गृहस्थांनी चहाचा पेला खाली ठेवला.) तर स्टुडिओ बंद पडून जमाना झाला, पण मागच्या वर्षी त्याचं एक जुनं कपाट उघडलं आणि आत मूळ चित्रं निघाली. आता इथलं एक छोटं संग्रहालय ती मांडणार आहे. प्रत्येक चित्राखाली पाटी, पाटीवर चित्रकाराचं नाव. पाट्या येत्या एकवीस तारखेला, शुक्रवारी, छापायला जातात. सगळ्यांची नावं लागली. एकोणिसाव्या भागातल्या अकरा सेकंदांच्या एका तुकड्याचं तेवढं अडलं आहे.

ताई, त्या मालिकेत अठरा प्रचंड यंत्रमानव कोसळतात, दोन शहरं बुडतात, चंद्राचा कोपरा उडतो. लोकांना काय आठवतं? पोरगी थंड पाण्यातून फडकं काढते, पिळते, पीळ सोडते, आणि लाल झालेली मूठ उघडते. एकदा. मग पुन्हा एकदा. बस्स. या दोनदा उघडण्यावर तीन पुस्तिका निघाल्या आहेत, आणि त्या मी पैसे देऊन विकत घेतल्या आहेत.

श्रेयनामावलीत तो तुकडा शिराइशी गोन्ता यांच्या नावावर आहे. हा माणूस त्याआधी कुठल्या मालिकेत नव्हता, नंतर नाही. नाव यादीत अगदी शेवटी. आता तुला आपल्याकडची पद्धत माहीत आहे, शेवटचं नाव म्हणजे मानाचं नाव, मोठा नट असला की त्याला तिथे बसवतात. त्यामुळे चाहत्यांनी ठरवलं की हा कोणीतरी महान गुरू असून सगळा स्टुडिओ त्याच्यापुढे थरथरत होता. (यादी आधीच लिहून झाली होती आणि खाली एका ओळीची जागा होती. मीच लिहिलं ते नाव. समोर शिराइशी लाँड्रीची पाटी दिसत होती आणि गोन्ता माझा बूट चावत होता.)

मागच्या रविवारी दुपारी चाहत्यांची सभा होती, आणि ‘प्रत्यक्ष साक्षीदार’ म्हणून मला बोलावणं आलं. नागरी भवनाचा वरचा मजला, चौतीस माणसं, चौतीस जोड सपाता. प्रत्येकाने दोन्ही हातांनी आपलं कार्ड दिलं, प्रत्येकाने आपल्या गावची मिठाई आणली होती. एवढ्या सभ्यपणे एकमेकांचा गळा धरणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. एका बाजूला हिरामात्सुसाहेब, करखात्यातले, शिराइशी संशोधन मंडळाचे संस्थापक आणि (नंतर कळलं) एकुलते एक सभासद. त्यांच्या मते गोन्ता हे होक्काइदोचे डावखुरे कोळी असून पन्नाशीत समुद्रात बुडून गेले. चित्राच्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग आहे, ती त्यांची कॉफी. (तो तुझ्या मिसो सूपचा डाग आहे, मी स्वतः पुसला होता, म्हणून तो एवढा पसरला.) मूठ दोनदा उघडते, कारण समुद्राला भरती आणि ओहोटी असते. दुसऱ्या बाजूला ओनुकीबाई, औषधांच्या दुकानवाल्या. त्यांच्या मते मालिकेत जे काही चांगलं आहे ते स्वर्गवासी दिग्दर्शकांनी केलं, जे वाईट आहे ते इतरांनी, आणि गोन्ता नावाचा इसम जन्मालाच आला नाही.

“अहो, माणूसच नाही, तर अंगठ्याचं हे वळण आलं कुठून?” हिरामात्सुसाहेब म्हणाले.

“दिग्दर्शकांच्या डोक्यातून.”

“तुमच्या दिग्दर्शकांना अंगठे काढता येत नव्हते, बाई. त्यांनी सगळ्यांना हातमोजे घातले.”

“आणि तुमचे कोळीबुवा? सर्दीच्या औषधाचा खप वाढावा म्हणून समुद्रात गेले का?”

मध्ये मुख्य चित्रकार उत्सुमी मास्तर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्या काळी प्रत्येकाचं चित्र त्यांच्या हाताखालून दुरुस्त होऊन जायचं. ते बहुतेक वेळ झोपले होते. एकदाच डोळे उघडून म्हणाले, “त्या तुकड्याला मी हात लावला नाही. लावण्यासारखं काही नव्हतं.” आणि पुन्हा झोपले. सभेने हळहळून मान हलवली. केवढा हा विनय! लगेच मास्तरांचा एक तिसरा पक्ष तयार झाला. ताई, या देशात खरं बोलण्यात हाच धोका आहे. ‘मी नाही’ म्हटलं की ‘तोच तो’ असं धरतात.

हे माझ्या ध्यानात असायला हवं होतं. ओनुकीबाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. “त्सुकागोशीसाहेब, पाकिटं तुम्ही नेत होतात. हे पाकीट कोणाच्या घरून उचललंत?”

आता मी काय सांगू? की नेमलेला चित्रकार दाढदुखीचं कारण सांगून गावी पळाला होता, आणि कोरे कागद घेऊन मी खोलीवर येऊन रडत बसलो होतो? की तू सासर सोडून, गोन्ता कुत्र्यासकट, माझ्याकडे एकोणीस दिवस राहायला आली होतीस, आणि मुळ्याचं लोणचं खाता खाता म्हणालीस, “दे इकडे, दुपार जात नाहीये”? की तू आपलाच हात समोर धरून तो काढलास, तीन दिवस, आणि मग म्हणालीस, “माझं नाव घालू नकोस हं, सासूबाई नातवंडांना घेऊन हीच मालिका बघतात”? आणि विसाव्या दिवशी कुत्र्याला घेऊन परत गेलीस? मी शब्द दिला होता. म्हणून मी एवढंच म्हणालो, “ज्याने काढलं, त्याला नाव नको होतं.”

हिरामात्सुसाहेबांचे डोळे भरले. “म्हणजे... आपणच?”

मी घाबरलो. घाबरलो की मी वाकतो, दुसरं काही मला येत नाही. मी वाकलो. त्यावर चौतीस माणसं वाकली. मी म्हणालो, छे छे, मी कसला, मला चित्रातलं काही कळत नाही. टाळ्या. मी पुन्हा हात जोडून सांगितलं, मी फक्त गाडी चालवायचो. ओनुकीबाई, ज्या मालिका संपल्यापासून कोणापुढे नमल्या नव्हत्या, डोळे टिपत म्हणाल्या, “गाडी चालवायचो म्हणतात! आमचे दिग्दर्शकही असंच म्हणायचे.” तिसऱ्यांदाही मी नाही म्हणालो. पण उपयोग झाला नाही. मिठाईचे चौतीस डबे घेऊन घरी आलो. हिरामात्सुसाहेब स्टेशनपर्यंत पिशवी धरून आले. सव्वीस वर्षं ज्या कोळ्याला जपलं तो बुडाल्याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. वाटेत माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

अशी सगळी हकीगत. एरवी सर्व ठीक. भावजींना नमस्कार, माशांनाही.

तुझा,
यासुहिको

ता. क. मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. दोनदाच म्हणालो. तिसऱ्यांदा ‘आभारी आहे’ म्हणालो. त्याला चार सेकंद लागले असतील. बरं वाटलं, हे कबूल करतो. घरी येऊन तुझा मासा गिळवला नाही, म्हणूनच शेजारणीला दिला, वासाचं तसं काही नव्हतं.

ता. क. २. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांसमोर तो हात काढून दाखवावा अशी विनंती आली आहे. मला सरळ रेघ पट्टी घेऊनही येत नाही.

ता. क. ३. काल सकाळी बादलीत बर्फ टाकून फडकं पिळून पाहिलं. मूठ पहिल्यांदा उघडतच नाही, ताई. बोटं गारठून तशीच राहतात, दुसऱ्यांदा जोर करावा लागतो. त्यात भरती-ओहोटी नाही, दिग्दर्शक नाही. तू त्या घरात पहाटे माशांची पिंपं धूत होतीस, एवढंच आहे. हे तू मला तेव्हा कागदावर काढून दाखवलंस आणि मी पाकिटात घालून पोचवून आलो.

ता. क. ४. सोबत संग्रहालयाचा कागद जोडला आहे. पाटीवरच्या नावाची जागा रिकामी नाही, तिथे मी तुझं नाव लिहिलं आहे, माहेरचं. सासूबाई आता नाहीत. तरी तुला नकोच असेल, तर गोन्ताचं लाव, त्या बिचाऱ्याने निदान बूट तरी चावला होता. माझं लावू नकोस. तुला खोडता यावं म्हणून नाव पेन्सिलनेच लिहिलं आहे. खोडरबर मात्र पाठवलेला नाही.