सहा लाल आणि म्हस्कूरावांची पैज

सणसर, ता. इंदापूर
मार्च १९९७

प्रिय रणजित,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. छकुलीची परीक्षा चालू आहे, ऊस वेळेत तुटला, खोडव्याला पहिलं पाणीही झालं. तुझी आई बारामतीत एसटीडी बूथमधून तुझ्याशी बोलते तेव्हा मी बाहेर रस्त्यावर उभा असतो, हे तिनं तुला सांगितलंय की नाही ठाऊक नाही. काचेतून तिचं हसणं दिसतं, ऐकू येत नाही. घरी येताना एसटीत शेजारी बसून ती तुझं काय काय सांगत राहते. मी नुसता हं म्हणतो.

एक गोष्ट मात्र तिलाही फार उशिरा कळली. मी स्नूकर खेळतो.

हसून घे. दिवाळीनंतर ट्रॅक्टरचा पंप बारामतीत दुरुस्तीला टाकला होता. मेकॅनिक म्हणाला, दुपार होईल. त्याच्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर तुझा तो क्लब. ज्या जागेपायी तू कॉलेज सोडलंस आणि पुण्याच्या क्लबात नोकरी धरलीस, ती जागा मी डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. म्हटलं, एकदा बघावं तरी. जिना चढताना वाटत होतं, वर धूर असेल, शिव्या असतील, पत्त्यांच्या अड्ड्यासारखा पैसा खुळखुळत असेल. वर मालक दादासो खडूनं काठीचं टोक घासत बसला होता आणि त्याचे वडील, कळसचे म्हस्कूराव, धोतर खोचून हिरव्या टेबलावर वाकले होते. मला बघून ते म्हणाले, या, एकट्यानं खेळून कंटाळा येतो. माझ्या हातात काठी दिली. मी पहिल्याच फटक्यात पांढरा चेंडू टेबलाखाली घालवला.

दर बाजाराला जायला लागलो, ते तेव्हापासून. पंधरा लाल चेंडूंचा पुरा डाव मांडला तर आमची शेवटची एसटी चुकते, म्हणून दादासो आम्हाला सहाच लाल मांडून देतो. कोणता चेंडू कोणत्या पॉकेटात घालणार ते आधी बोलायचं. बोलल्याशिवाय गेला तर गुण नाही. नाहीतर माझे निम्मे चेंडू नशिबानंच जायचे. म्हस्कूरावांना तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात, म्हणून तपकिरी आम्ही कपाटातच ठेवतो. तू म्हणशील, हा कसला स्नूकर. पण आम्हाला पुरतो.

पैसा लावायचा नाही, हा दादासोचा नियम. मग पैज लागते कामाची. मी हरलो तेव्हा कळसला जाऊन त्यांची मेंढी कातरली. आता त्यांच्याकडं चारच उरल्यात, बाकी सगळी शेतीच. मी कातरलेल्या मेंढीच्या अंगावर शेतातल्या पायवाटांसारख्या रेघा उठल्या आणि त्यांच्या मंडळी, भामावहिनी, पदर तोंडाला लावून आत पळाल्या. ते हरले तेव्हा सणसरला येऊन दिवसभर आपल्या उसाला दारं धरून पाणी दिलं. संध्याकाळी तुझ्या आईनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. जेवताना ते तुझ्याबद्दल बोलायला लागले. तू टेबलावर वाकलास की सगळे बोलायचे थांबत, असं ते म्हणाले. तुझी आई माझ्याकडं बघत होती. मी भाकरी मोडत राहिलो.

मागच्या बाजाराला म्हस्कूराव काठी घ्यायच्या आधीच बाकावर बसले. म्हणाले, “आज पैज मोठी लावू. तुमी हरलासा तर पोराला सोताच्या हातानं पत्र लिवायचं.”

मी म्हणालो, “आणि तुम्ही हरलात तर मोतीबिंदू काढून घ्यायचा.”

दादासो वर्षभर त्यांच्या मागं लागला होता. त्यांच्या भावाचा डोळा असाच गेला होता, त्यामुळं दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून जात. त्या दिवशी मात्र उठले नाहीत. म्हणाले, “बरं हाय.”

इतकं जपून आम्ही कधी खेळलो नव्हतो. म्हातारा एका डोळ्यानं बघून असे फटके मारत होता की दादासो हिशेब सांगायचा विसरला. शेवटी टेबलावर फक्त काळा राहिला. जो तो घालेल त्याचा डाव, अशी वेळ. ते चुकले. चेंडू कडेला आपटून माझ्यासमोर आला. खरं सांगतो, चुकावं असंही मनात आलं. हरलो असतो तर पत्र लिहायला मला कारण मिळालं असतं. पण समोर त्यांचा तो दुधाळ डोळा होता. मी पॉकेट बोललो आणि काळा घातला.

काल त्यांचं ऑपरेशन झालं. मी आणि दादासो बाहेर बसलो होतो. त्यांना बाहेर आणलं तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि माझा हात चाचपून धरलेला. पत्राचं त्यांनी विचारलं नाही. पैज मी जिंकली होती, मला कुणी काही लिहायला लावू शकत नव्हतं.

म्हणून आज लिहितोय. हे पत्र पैजेचं नाही, आईनं सांगितलेलंही नाही, ती आत निजली आहे. तू पुण्याला जाताना मी जे बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. पण ते बोलणारा माणूस तो जिना कधी चढलेला नव्हता. पुढच्या बाजाराला सुट्टी मिळाली तर ये. घरी आधी नको येऊस, सरळ क्लबात ये. पंधरा लाल मांडायला सांगतो, तपकिरीही कपाटातून काढायला लावतो. एसटी चुकली तर चुकू दे. मी तुला खेळताना अजून एकदाही पाहिलेलं नाही, रणजित.

तुझाच,
आप्पा