लेओंमामाच्या मातीची बरणी

३ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७
उद्या पहाटे पाचला बस. पहिल्या महायुद्धातल्या व्हेर्दांच्या रणभूमीची सहल. नववीची तेवीस मुलं, सोबतीला गणिताच्या सोलांजबाई आणि प्रमुख अर्थात मी. ही माझी बारावी खेप. जूनमध्ये निवृत्त होतोय, त्यामुळे शेवटचीच. तिथला चप्पा न् चप्पा पाठ आहे. नकाशा नेणार नाही.

मघाशी ओदेतबाईंनी बोलावलं होतं. वय त्र्याण्णव. गावच्या शाळेत मी दुसरीत त्यांच्या हाताखाली होतो; अजून 'अरे गिल्बेर' म्हणतात. त्यांचा मामा, लेओं मेर्सिए, विसाव्या वर्षी व्हेर्दांला मारला गेला. ऑक्टोबर १९१६. नोव्हेंबरच्या एक तारखेला सगळं गाव कबरींवर फुलं ठेवायला निघालेलं, आणि महापौर त्याच्या मृत्यूच्या खबरीचा कागद घेऊन दारात उभा. तेव्हापासून आजतागायत घरचं कुणी त्याच्या कबरीपाशी पोचलेलं नाही. बाईंनी परसातली माती जॅमच्या बरणीत भरून दिली. म्हणाल्या, एवढी त्याच्यावर घाल आणि फोटो काढून आण, माझ्याच्याने आता जाणं व्हायचं नाही. म्हटलं, बाई, झालंच समजा. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

संकल्प: बसमध्ये झोपायचं नाही. सॉसेज बेताने. चिडायचं नाही.

४ एप्रिल. सकाळी ५.४०
सगळ्यांचे मोबाइल उशीच्या अभ्र्यात जमा केले. इतिहास डोळ्यांनी बघायचा असतो. फोटो फक्त सोलांजबाई काढतील.

सकाळी ६.१०
रेमी नावाच्या पोराने उग्र वासाच्या कामांबेर चीजचं सँडविच उघडलं. बसच्या खिडक्या उघडत नाहीत. चिडलो. पण आवाज चढवला नाही. सोलांजबाई म्हणतात, चढवला.

दुपारी १
इनेस म्हणून एक मुलगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही. ती छापील कागद घेऊन आली. सर, लेओं मेर्सिएची कबर कुठे आहे ते सरकारी यादीत सापडलंय, म्हणे. हिला लेओंमामा कुठून कळला कोण जाणे. गावात काही लपत नाही. म्हटलं, बाळा, याद्या पर्यटकांसाठी. इतिहासकार जागेवर जाऊन शोधतो. कागद ठेवून घेतला. उरलेलं सॉसेज गुंडाळायला चांगला जाड निघाला.

सॉसेज: आठ चकत्या. प्रवासाचे दिवस मोजत नाहीत.

५ एप्रिल. दुपारी ३
आजचा दिवस माझ्या नोकरीतला सर्वोत्तम.

मोठ्या दफनभूमीत हजारो पांढरे क्रूस. चष्मा वसतिगृहावर राहिला, पण मुलं आहेत की. ओळी वाटून दिल्या आणि सोडलं सगळ्यांना. वारा असा की कान गळून पडावेत. पावणेदोन तास झाले. सोलांजबाईंनी दोनदा सुचवलं की इनेसचा कागद बघू या. गणितवाल्यांना धीर नसतो. (कागदाला आता चरबी लागली होती, तो भाग वेगळा.)

शेवटी रेमी ओरडला, सर, सापडला! क्रूसवरचं त्यानेच वाचलं: मेर्सिए लेओं, फ्रान्ससाठी मरण पावला, ११ जून १९१६. माझ्या पद्धतीचा विजय. बरणी तिथे रिती केली आणि वीस मिनिटं बोललो. नेहमीचं माझं सूत्र सांगितलं की तारीख विसरली की माणूस विसरला. मुलं माना खाली घालून उभी होती. इनेस मधेच काही सांगायला पुढे आली, तर सोलांजबाईंनी तिचा हात दाबला. पोरीला भरून आलं असणार.

फोटो छान आला आहे. मी मध्यभागी.

६ एप्रिल. दुपारी ४, बसमध्ये
जेवणानंतर जरा डोळे मिटले. झोप नव्हे, चिंतन. घड्याळ बघतो तर पन्नास मिनिटं उशीर! ड्रायव्हर म्हणतो, ट्रॅक्टर आडवा होता. पन्नास मिनिटं ट्रॅक्टर? कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे. त्यातून सगळ्यांच्या बुटांना ताजा चिखल. बस म्हणजे गोठा आहे का, म्हणून झापलं. सगळे निमूट बूट पुसायला लागले. तीन दिवसांत केवढी शिस्त लागली.

८ एप्रिल, शनिवार. दुपारी
फोटो चौकटीत बसवून ओदेतबाईंकडे गेलो.

त्यांच्या कपाटावर आधीच एक फोटो होता. रस्त्याकडेची छोटीशी दफनभूमी. एक क्रूस, भोवती माझी तेवीस मुलं, इनेसच्या हातात जॅमची रिकामी बरणी. क्रूसवर लेओं मेर्सिए, २४ ऑक्टोबर १९१६. मागे बस. बसच्या काचेला गाल चिकटवून, तोंड उघडं टाकून, मी.

बाई म्हणाल्या, अरे गिल्बेर, दुसरीत तू गणित पुरतं न वाचताच उत्तर लिहून मोकळा व्हायचास. म्हणून दोन बरण्या भरल्या. दुसरी इनेसला दिली.

मग मला दिलीत कशाला, असं विचारलं. म्हणाल्या, एवढा मोठा मास्तर झालास, तुला वगळून कसं चालेल?

लाज वाटली. फार वाटली. इतकी वर्षं मुलांना तारखा घोकायला लावल्या आणि जून-ऑक्टोबरमधला फरक मला कळला नाही. माझी चौकट कोटात लपवत होतो, पण बाईंनी मागून घेतली. भिंग लावून कितीतरी वेळ बघत होत्या. हा लेओं कुठला, विचारलं. माहीत नाही म्हटलं. वय किती होतं? तेही नाही. बाई म्हणाल्या, त्याच्याही घरचं कुणी गेलं नसेल. असू दे. आपल्या परसातली माती आहे, चांगली आहे, त्यात बटाटे छान येतात.

मग म्हणाल्या, अकरा नोव्हेंबरला स्मारकासमोर युद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं वाचतात, त्यात यंदा याचंही घ्यायचं. आणि ते तू वाचायचंस. तारखेसकट. चष्मा लावून.

संध्याकाळी ६
चष्म्याला दोरी बांधून घेतली. आरशासमोर उभं राहून मोठ्याने सराव केला. मेर्सिए लेओं, एकोणीसशे सोळा, जून. की जुलै?

सोमवारी इनेसला विचारायला हवं.